मॅन्युअल म्हणून घेतला, मल्टिट्रॉनिक निघाला

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या एका शेडमध्ये मिड-इंजिन (इंजिन मागच्या चाकांच्या पुढे असलेल्या) गाडीची चासी तयार होती. हवा होता ऑडी ए४ किंवा जुन्या स्कोडा सुपर्बचा पाच गिअरचा मॅन्युअल ट्रान्सॲक्सल, म्हणजे डिफरन्शियल आतच असलेला गिअरबॉक्स. या गाड्यांत इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स त्याच्या मागे गाडीच्या लांबीच्या दिशेने असतो, त्यामुळे दोन्ही आहेत तसे उचलून मागच्या चाकांवर बसतात.

जुन्या स्पेअर्सच्या व्यापाऱ्याने फोटो पाठवले, पूर्ण रक्कम आधी घेतली आणि बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) पाठवली. गोणपाट सोडलं तर आत मल्टिट्रॉनिक, म्हणजे साखळीवर चालणारा ऑटोमॅटिक. मूळ गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सशिवाय तो निव्वळ ओझं. फोन लागेनासा झाला.

फोटोत फसायला होतं, कारण मल्टिट्रॉनिकला टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्सला तेलातून जोडणारा भाग) नसतो. बेल हाउसिंगमधून, म्हणजे इंजिनाला जोडल्या जाणाऱ्या तोंडातून, मॅन्युअलसारखाच स्प्लाइनचा (खाचांचा) शाफ्ट डोकावतो. फरक शाफ्टच्या भोवती असतो. मॅन्युअलमध्ये क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगची नळी आणि क्लच फोर्कची जागा दिसते, यात नाही. पाठवलेले सगळे फोटो बाजूने काढलेले होते. बेल हाउसिंगचा समोरून फोटो मागितला तेव्हा "माल पॅक झालाय" हे उत्तर आलं. व्यवहार तिथेच थांबवायला हवा होता.

माल जमिनीवर ठेवून हाताने फिरवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. बेल हाउसिंगसमोर उभे राहा, पहिला गिअर टाका, एका बाजूचा फ्लँज (चाकाकडचा ॲक्सल जोडायची चकती) पक्का धरा आणि शाफ्ट घड्याळाच्या दिशेने फिरवा. मोकळ्या फ्लँजची वरची कड तुमच्याकडे यायला हवी. उलटी गेली तर गाडी पहिल्यात मागे जाईल. बीटल आणि जुन्या पोर्शे ९११ चे बॉक्स असेच असतात. ते मिड-इंजिनला वापरायचे तर क्राउन व्हील (डिफरन्शियलचं मोठं दातेरी चाक) दुसऱ्या बाजूला बसवावं लागतं, आणि विकणारा हे सांगत नाही. फेरेही मोजा: पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.५ आणि फायनलचं (डिफरन्शियलचं) ४ असेल तर एकूण १४, पण एक फ्लँज धरल्यामुळे मोकळ्याच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ७ फेरे.

क्वाट्रोचा (ऑडीच्या चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचा) बॉक्स स्वस्तात मिळाला तरी मधला डिफरन्शियल लॉक करण्याचा खर्च धरा. तेलाच्या बोल्टवर राखाडी लेप चालतो, लोखंडाचे कपचे नकोत.

बिलावर केसिंगवरचा तीन अक्षरी कोड लिहून घ्या. इथे बिल्टीवर फक्त "जुने स्पेअर" होतं, त्यामुळे दुसराच माल आला हे सिद्ध करणं अवघड झालं. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. उशीर झाला की रक्कम खात्याखात्यांतून पुढे सरकते.