अलंकार ओळखून मार्क मिळत नाहीत: जीसीएसईचा 'पॉवर अँड कॉन्फ्लिक्ट' कवितासंग्रह

इंग्लंडमधल्या ज्या मराठी घरांत मूल इयर टेन किंवा इयर इलेव्हनला, म्हणजे जीसीएसई या आपल्या दहावीसारख्या परीक्षेच्या वर्गांत आहे, तिथे हा संग्रह टेबलावर पडलेला असतोच. एक्यूए मंडळाच्या इंग्लिश लिटरेचरसाठी शाळा कवितांचा एक गट निवडते आणि पुष्कळ शाळा 'पॉवर अँड कॉन्फ्लिक्ट' घेतात. शेली, ब्लेक, वर्ड्‌सवर्थपासून सायमन आर्मिटेज, कॅरल अॅन डफी, इम्तियाज धारकर यांच्यापर्यंत एकूण १५ कविता. निवड फार चांगली आहे. पण महाराष्ट्रात शिकलेले आईबाबा मुलाला मदत करायला बसतात, तेव्हा एक चूक हमखास होते. आपण अलंकार ओळखायला शिकलो. ओळ दिली, 'चेतनगुणोक्ती' लिहिलं, मार्क मिळाला. इथे नुसतं नाव लिहून काहीच मिळत नाही.

आधी परीक्षेचा हिशेब. दुसरा पेपर सव्वादोन तासांचा, ९६ गुणांचा. त्यातले ३० गुण या संग्रहाच्या एकाच प्रश्नाला. एक कविता छापून मिळते, तिची तुलना दुसऱ्या कवितेशी करायची, आणि ती दुसरी मुलाने पाठ असलेल्या ओळींवरून उभी करायची. गुणांची वाटणी अशी: विचार आणि दाखले १२, कवीचं तंत्र आणि त्याचा परिणाम १२, पार्श्वभूमी ६. तंत्राचे १२ गुण सगळ्यात जास्त इथेच गळतात.

विल्फ्रेड ओवेनची 'एक्स्पोजर' घ्या. पहिल्या महायुद्धातल्या खंदकात गारठणारे सैनिक, आणि हल्ला होतच नाही. पहिल्याच कडव्यात 'नाइव्ह अस'शी 'नर्व्हस' आणि 'सायलेंट'शी 'सेलिअंट' जुळवलंय. व्यंजनं जुळतात, स्वर चुकतो. कानाला यमकाची चाहूल लागते, पण ते पुरं होत नाही. याला पॅरारायम म्हणतात. मूल लिहितं, 'कवीने पॅरारायम वापरला आहे, त्यामुळे कविता परिणामकारक होते.' हे वाक्य कुठल्याही कवितेला चिकटवता येतं, म्हणून त्याची किंमत शून्य. लिहायचं ते असं: हे सैनिक ज्या हल्ल्याची वाट बघतायत तो येत नाही, आणि वाचक ज्या यमकाची वाट बघतोय तेही येत नाही. ताटकळणं कवितेच्या आवाजातच आहे.

याच कवितेत प्रत्येक कडव्याची शेवटची ओळ आखूड आहे. आठ कडवी, आठ आखूड ओळी. त्यातल्या चार ओळी 'बट नथिंग हॅपन्स', तीन ओळी 'डाइंग' या शब्दावर संपणाऱ्या, आणि एक प्रश्न: 'व्हॉट आर वी डूइंग हिअर?' मुलाला या आठ ओळी एकाखाली एक लिहायला लावा. काही घडत नाही, इथे करतोय काय, काही घडत नाही, काही घडत नाही, मग मरण, मरण, मरण, आणि शेवटी पुन्हा काही घडत नाही. मरणसुद्धा 'घडण्यात' धरलेलं नाही. तंत्र अर्थ कसा घडवतं ते इतकं स्वच्छ दाखवणारी जागा या संग्रहात दुसरी नाही.

आणि चेतनगुणोक्ती? पहाट पूर्वेकडे आपली फौज गोळा करून करड्या रांगांनी चाल करून येते. 'निसर्गाला माणसासारखं दाखवलंय' एवढ्यावर थांबू नका. करडा हा जर्मन गणवेशाचाही रंग. म्हणजे शत्रूची जागा हवामानाने घेतलीय. पाठोपाठ गोळ्यांची ओळ येते, 'सडन सक्सेसिव्ह फ्लाइट्स ऑफ बुलेट्स स्ट्रीक द सायलेन्स', सगळी 'स'ची सळसळ. लगेच पुढच्या ओळीत कवी सांगतो की त्या गोळ्या बर्फाने काळवंडलेल्या हवेपेक्षा कमी जीवघेण्या आहेत. अनुप्रास कुठे आहे हे सांगून भागत नाही. त्याने उठवलेला धोका पुढची ओळ कसा उतरवते ते लिहायला हवं. ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ला मारला गेला, युद्धबंदीच्या बरोबर एक आठवडा आधी. हा तपशील पार्श्वभूमीच्या गुणांसाठी चालतो, पण पहिल्या परिच्छेदात चरित्र म्हणून ओतू नका. एखाद्या ओळीला टेकवून अर्ध्या वाक्यात सांगा.

टेनिसनची 'द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड' मराठी घराला सगळ्यात सोपी जायला हवी, कारण गण आपल्याला येतात. 'यमाताराजभानसलगं'मधला भगण आठवा: भानस, एक गुरू, दोन लघू. इंग्रजीतला डॅक्टिल हा गण त्याच चालीचा. 'हाफ अ लीग, हाफ अ लीग' म्हणजे दोन डॅक्टिल, घोड्यांच्या टापा. मात्र इथे एक सापळा आहे. आपल्या वृत्तात लघुगुरू अक्षराच्या लांबीवर ठरतो, इंग्रजीत आघातावर. 'लीग' आपल्या हिशेबाने गुरू, पण ओळ म्हणताना जोर 'हाफ'वर पडतो. मात्रा मोजायला बसलात तर गणित चुकेल. टेबलावर बोटाने ठेका धरून मोठ्याने म्हणा, दोनदा म्हटलं की कान सांगतो.

मग बघा ठेका कुठे तुटतो. 'रोड द सिक्स हंड्रेड' ही ओळ एका अक्षराने तोकडी, टाप अडखळते. पहिली तीन कडवी याच ओळीवर संपतात. चौथ्यात ती 'नॉट द सिक्स हंड्रेड' होते, पाचव्यात 'लेफ्ट ऑफ सिक्स हंड्रेड', सहाव्यात 'नोबल सिक्स हंड्रेड'. क्रिमियन युद्धातली बालाक्लाव्हाची लढाई, २५ ऑक्टोबर १८५४: चुकीच्या हुकमावरून सहाशे घोडेस्वार तोफांवर चालून गेले, आणि एका पालुपदात तो आकडा गळत जातो. आणि 'समवन हॅड ब्लंडर्ड'! कुणाचं तरी चुकलं. चूक करणाऱ्याचं नाव नाही, पण ही ओळ 'हंड्रेड'शी यमक साधते आणि त्याच तोकड्या ठेक्यात येते. वरच्यांची चूक आणि खालच्यांची संख्या एकाच आवाजात बांधलीय. टेनिसन राजकवी होता, शौर्याचं गाणं लिहीत होता, तरीही दोष त्याने यमकात ठेवला. हे लिहिणाऱ्या मुलाचं उत्तर वेगळं उठून दिसतं.

या दोन कवितांची जोडी उत्तम बसते: एकीत धावता ठेका, दुसरीत गोठलेला, एकीत पुरं यमक, दुसरीत हुकलेलं. दुसरी चांगली जोडी आर्मिटेजची 'रिमेन्स' आणि डफीची 'वॉर फोटोग्राफर'. डफीची कडवी सहा-सहा ओळींची, यमकासकट नीट रचलेली, जसा फोटोग्राफर डार्करूममध्ये रिळं ओळीने मांडतो. आर्मिटेजचा सैनिक बोलीत, वर्तमानकाळात बोलतो, 'आम्ही'वरून 'मी'वर येतो, आणि शेवटचं कडवं चारऐवजी दोनच ओळींचं उरतं. बिअट्रिस गारलंडच्या 'कामिकाझे'त (आत्मघाती हल्ल्याला निघालेल्या जपानी वैमानिकाची कविता) पहिला पूर्णविराम थेट पाचव्या कडव्याच्या शेवटी पडतो, वैमानिकाने विमान वळवेपर्यंत वाक्य थांबतच नाही. एनजँबमेंट, म्हणजे वाक्य ओळीअखेर न थांबता पुढच्या ओळीत जाणं, ते इथे दाखवा. 'ओळ पुढे वाहते म्हणजे युद्ध चालूच राहतं' हे घोटलेलं उत्तर मात्र मुलाच्या डोक्यातून काढून टाका.

उणिवा आहेत. धारकरांची 'टिशू' सुंदर आहे, पण संघर्षाच्या प्रश्नाला ती ओढूनताणून जोडावी लागते. छापून आली नाही तर आपणहून घेऊ नये. खटकते ती दुसरी गोष्ट. पहिल्या महायुद्धाच्या दोन कविता आहेत, ओवेनची आणि टेड ह्यूजची, पण त्या युद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी सैनिक लढायला गेले त्यांचा मागमूस नाही. आजच्या इराकमधल्या कुटच्या १९१५-१६च्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या. साम्राज्यावर बोट ठेवणारी जॉन अगार्डची कविता संग्रहात आहे, म्हणून ही रिकामी जागा जास्तच जाणवते.

तयारीबद्दल. छापून कुठलीही येऊ शकते, म्हणून पंधराही ओळखीच्या हव्यात; पण आठवणीतून लिहायला सहा-सात पुरतात. प्रत्येकीच्या चार-पाच छोट्या ओळी पाठ, त्यातली एक तरी रचनेबद्दल बोलता येईल अशी, म्हणजे ठेका, यमक, कडव्याची लांबी, यति यांपैकी काहीतरी. या प्रश्नाच्या ४५ मिनिटांत पाच वाचायला आणि खुणा करायला, पाच शेवटी तपासायला. एक कविता संपवून मग दुसरी असं लिहू नये. प्रत्येक परिच्छेदात दोन्ही हव्यात. आणि मुलाने लिहिलेल्या प्रत्येक तंत्राच्या वाक्यावर बोट ठेवून विचारा: 'हे वाक्य दुसऱ्या कवितेला चालेल का?' चालत असेल तर खोडून परत लिहायला लावा.