‘इसेन्शियल डेअरडेव्हिल’ खंड १ : स्टिल्ट-मॅनचं पॅकिंग गेलंय

मार्व्हल या अमेरिकी कॉमिक्स कंपनीचा ‘इसेन्शियल डेअरडेव्हिल’ खंड १ म्हणजे १९६४ ते १९६७ मधल्या पहिल्या २५ अंकांचा जाडजूड ठोकळा. डेअरडेव्हिल म्हणजे दृष्टी गेलेला वकील मॅट मर्डॉक, मुखवटा चढवून गुंडांशी लढणारा. ५००हून जास्त पानं, सगळी काळी-पांढरी, कागद वर्तमानपत्राच्या जातीचा, बांधणी गमची. ही मालिका आता छापली जात नाही. त्यामुळं बेळगावात बसून घ्यायचा तर जुना, कुणीतरी हाताळलेलाच मागवावा लागतो. नायकासाठी घ्यायचा विचार असेल तर पैसे राखून ठेवा आणि १९७९ नंतरचे, फ्रँक मिलरचे अंक बघा. वेडगळ खलनायक आवडत असतील तर मात्र एकाच पुस्तकात एवढा ऐवज सहसा मिळत नाही.

असला माल इथंच का साठला, त्याला कारण आहे. स्पायडर-मॅनकडं पहिल्या दोन वर्षांतच डॉक्टर ऑक्टोपस, सँडमॅन, ग्रीन गॉब्लिन असा फड उभा राहिला होता. डेअरडेव्हिलच्या वाट्याला उरलंसुरलं आलं. दुसऱ्या अंकातला इलेक्ट्रो उसना, सहाव्यातले ऑक्स आणि ईल हेही दुसऱ्या मासिकांतून आणलेले. वर १९५४ पासून कॉमिक्स कोडचा, म्हणजे कॉमिक्सवाल्यांनीच घालून घेतलेल्या नियमांचा चाप. रक्तपात नको, भीषण काही नको. मग खलनायक वेगळा दाखवायचा तर हातात दोनच गोष्टी राहतात, शिंप्याचं काम आणि एखादं यंत्र. शिंप्याचं काम वाचक माफ करतो. यंत्र मात्र तपासावं लागतं, निदान या गावात तरी. उद्यमबाग-मच्छेच्या शेडमध्ये रोज पंप, व्हॉल्व्ह आणि सिलिंडर बनतात, तिथला वाचक आठव्या अंकावर अडणारच.

आठव्या अंकात येतो स्टिल्ट-मॅन. विल्बर डे हा कार्ल कॅक्स्टनकडं नोकरीला. मालकाच्या हायड्रॉलिक रॅमचं, म्हणजे तेलाच्या दाबानं लांब होणाऱ्या सिलिंडरचं डिझाइन चोरतो आणि वर तोंड करून, मालकानंच माझा शोध ढापला म्हणत मॅट मर्डॉक वकिलाकडं जातो. इथपर्यंत गोष्ट झकास आहे. डिझाइनवरून होणारी भांडणं कुठल्याही औद्योगिक वसाहतीला नवी नाहीत. मग तो त्या रॅमचे पाय करून इमारतींच्या उंचीनं चालायला लागतो, आणि हिशेब सुटतो.

समजा त्याला दहा मजले, म्हणजे ३० मीटर वर जायचंय. बंद अवस्थेत सगळा सिलिंडर कमरेपासून तळव्यापर्यंत, ९० सेंटिमीटरमध्ये मावला पाहिजे. टेलिस्कोपिक सिलिंडरची प्रत्येक नळी आधीच्या नळीत थोडी अडकून राहावी लागते, नाहीतर ती बाहेरच पडेल. त्यासाठी १५ सेंटिमीटर सोडले की एका टप्प्यात ७५ सेंटिमीटर उंची मिळते. ३० मीटरला टप्पे लागले ४०. खडी टाकणाऱ्या टिपरच्या सिलिंडरला साधारण तीन ते पाच टप्पे असतात. आता प्रत्येक नळीची जाडी, ऑइल सील आणि मधली मोकळीक धरून व्यास टप्प्यागणिक निदान १० मिलिमीटरनं वाढवावा लागेल. सगळ्यात आतली नळी ४ सेंटिमीटरची धरली तरी बाहेरची ४३ सेंटिमीटर होते. म्हणजे विल्बरच्या एकेका मांडीचा घेर ढोलाएवढा. चित्रात ती सडपातळ आहे.

तेलाचं तर विचारूच नका. या मापाच्या एका पायात पूर्ण उंचीला अंदाजे १६०० लिटर तेल मावतं, दोन पायांत ३२००. म्हणजे २१० लिटरचे १५ बॅरल. हे तेल ठेवलंय कुठं? पाठीवर टाकी दिसत नाही. मिनिटाला ४० लिटर देणारा पंप लावला तर वर पोचायला ८० मिनिटं. उतरायलाही सुटका नाही. असा सिलिंडर बहुधा एकमार्गी असतो, वजनानं खाली बसतो, आणि तेवढंच तेल परत पाइपातून टाकीत यावं लागतं. बँक लुटून पळायचं म्हणजे सव्वा तास आधी निघायला हवं.

हे सगळं डोळ्याआड केलं तरी एक गोष्ट राहते, ती म्हणजे बाजूचा भार. टेलिस्कोपिक सिलिंडरला वजन सरळ रेषेतच सोसतं. म्हणून टिपरमध्ये तो दोन्ही टोकांना पिनेवर मोकळा ठेवतात, वाकवणारा जोर नळ्यांवर येऊच नये म्हणून. स्टिल्ट-मॅन तर त्याच्यावर चालतो. प्रत्येक पावलाला सगळं वजन एका पायावर, तेही तिरकं. प्रत्येक जोडात फक्त ०.१ मिलिमीटर ढिलाई धरा. १५ सेंटिमीटरच्या पकडीत ती नगण्य वाटते. पण ४० जोड एकाच बाजूला कलले की ३० मीटरवर टोक ४० सेंटिमीटर बाजूला जातं. नळ्या एकमेकींना घासतात, सील, म्हणजे फिटरच्या भाषेत पॅकिंग, एका अंगानं खाऊन जातं आणि तेल गळायला लागतं. फिटर खालून नुसतं बघून सांगेल, “पॅकिंग गेलंय की रे.” डेअरडेव्हिलनं मारामारी करायची गरजच नव्हती. चहा पिऊन आला असता तरी चाललं असतं.

एवढं असूनही स्टिल्ट-मॅन या पुस्तकातला सगळ्यात वाईट खलनायक नाही. कारण वॉली वूडचं चित्र. पत्र्याची चमक, नळीवरची गोल सावली, वरून दिसणारा रस्ता, हे काळ्या शाईत जे उतरलंय ते रंगीत प्रतीत निम्मं झाकलं जातं. काळी-पांढरी छपाई इथं पुस्तकाच्या बाजूनं उभी राहते. राग येतो तो शेवटाचा. विल्बर हरतो तो पायांमुळं नाही. कॅक्स्टनच्या ‘मॉलिक्युलर कंडेन्सर’चा झोत लागून तो लहान-लहान होत नाहीसा होतो. रॅमची गोष्ट रॅमनंच मोडायला हवी होती. एक नळी कापली, सात बॅरल तेल रस्त्यावर, एवढ्यात काम भागलं असतं. लेखकानं स्वतःच आणलेलं यंत्र तो स्वतःच विसरला.

पंचविसाव्या अंकातल्या लीप-फ्रॉगबद्दल मात्र दयामाया नको. व्हिन्सेंट पाटिलिओ. पाटील नव्हे, पाटिलिओ, उगाच निपाणी-चिकोडीकडं भाऊबंद शोधू नका. बेडकाचा पोशाख आणि बुटांत विजेवर चालणाऱ्या स्प्रिंगा. आता ८० किलोच्या माणसाला ६ मीटर उडवायला साधारण ४७०० ज्यूल लागतात. बुटात स्प्रिंग दबायला १० सेंटिमीटर जागा दिली, तीही सढळ हातानं, तर पूर्ण दाबलेल्या स्प्रिंगचा जोर भरतो ९.६ टन. एका तळव्याखाली ४.८ टन. उडी मारताना टाच, घोटा आणि गुडघा, जे आधी मोडेल ते मोडेल. आणि उतरताना तेवढाच दणका परत. ट्रकचे पाटे असली वजनं घेतात, पण ट्रकला गुडघे नसतात. या पोशाखाची खरी गिऱ्हाइकं हाडांचे डॉक्टर. वर, दहाव्या अंकात ‘फ्रॉग-मॅन’ नावाचा दुसराच बेडूक येऊन गेलेला. पंधरा अंकांत दोन बेडूक! संपादकाला आठवण कुणी करून दिली नाही वाटतं.

पाचव्या अंकातल्या मॅटाडोरवर फार शब्द घालवू नयेत. त्याचं हत्यार म्हणजे अंगावरचं कापड, समोरच्याच्या नजरेपुढं फडकवायचं. आणि समोर लहानपणीच दृष्टी गेलेला डेअरडेव्हिल! अठराव्या अंकातला ग्लॅडिएटर, म्हणजे पोशाखाचं दुकान चालवणारा मेल्विन पॉटर, त्याहून बरा. मॅटचा वकिलीतला भागीदार फॉगी नेल्सन त्याच्याकडं डेअरडेव्हिलचा पोशाख शिवायला टाकतो, आणि शिंप्यालाच वाटायला लागतं की हा पोशाख घालणाऱ्यापेक्षा आपणच भारी. मनगटावरची फिरती पाती शंकास्पद आहेत, पण डोक्यातला किडा अस्सल.

आता छपाईचा दोष. चौथ्या अंकातला पर्पल मॅन जांभळा आहे, सारा मुद्दाच तो. इथं तो साध्या आजारी माणसासारखा दिसतो. सहाव्या अंकापर्यंत पिवळा असलेला डेअरडेव्हिलचा पोशाख सातव्यात लाल होतो, तेही या प्रतीत कुणाला कळणार? फक्त कापडाची नक्षी बदललेली दिसते. आधी रंगीत पानं पाहिलेली नसतील तर हे दोन अंक वाचताना तेवढी माहिती डोक्यात ठेवा.

आणि सगळ्यात वेडगळ पात्र खलनायक नाहीच. पंचविसाव्या अंकात स्पायडर-मॅनचं पत्र फॉगी आणि ऑफिसातली सेक्रेटरी कॅरेन यांच्या हाती लागतं आणि मॅटचं गुपित फुटायची वेळ येते. पट्टीचा वकील हा! पण त्याला सुचतं काय, तर मला माईक नावाचा जुळा भाऊ आहे, डेअरडेव्हिल तोच. मग भडक कपडे आणि काळा चष्मा घालून स्वतःच माईक बनून ऑफिसात हजर. गल्लीतल्या गणपतीपुढच्या एकांकिकेतही हा जुळा दुसऱ्या प्रवेशात पकडला गेला असता. इथं तो ४१व्या अंकापर्यंत, म्हणजे १९६८ पर्यंत टिकला. त्याला मारून टाकावं लागलं, तेव्हा कुठं प्रकरण मिटलं. यंत्राचा हिशेब चुकला की हसू येतं, माणसाचा चुकला की जास्त येतं. माईकच्या पानांवर जीन कोलनची चित्रं आहेत, आणि तीही बघण्यासारखी.

प्रत घेताना काय बघायचं? गमची बांधणी असल्यानं पुस्तक १८० अंशांत उघडू नका, कणा तडकतो आणि मधली पानं पत्त्यांसारखी सुटतात. विकणाऱ्याकडून कण्याचा आणि मधल्या पानांचा फोटो मागवा. बेळगावच्या पावसाळ्यात हा कागद ओल धरतो आणि कडेनं तपकिरी पडतो. भिंतीला टेकलेल्या फळीवर ठेवू नका, मागं बोटभर जागा सोडा, पुस्तक उभं ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधाल तर आतली ओल आतच राहून बुरशी येते. आणि पैसे द्यायच्या आधी शेवटची २० पानं आहेत ना, एवढं मोजून घ्या. जुन्या प्रतीत आधी तीच गळतात, आणि लीप-फ्रॉग अन् माईक दोघंही तिथंच बसलेत. स्टिल्ट-मॅन परत येतो तो २६व्या अंकात, या खंडात नाही.