हार्मोनिक की कंपाउंड: तालुक्याच्या सोनोग्राफी केंद्रासाठी मी काय निवडले

गेल्या वर्षभरात आमच्या भागात नवे केंद्र सुरू करणाऱ्या दोन-तीन तरुण डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला. वापरलेले यंत्र घेताना टिश्यू हार्मोनिकची (शरीरातच तयार होणाऱ्या दुप्पट वारंवारतेच्या लहरीवरून चित्र काढण्याची) सोय असलेले घ्यावे की स्पेशिअल कंपाउंडिंगची (अनेक कोनांतून घेतलेल्या चित्रांची सरासरी दाखवण्याची), कारण दोन्हींचे पैसे परवडत नाहीत. नव्या यंत्रांत दोन्ही सोयी मिळतात, तरी प्रश्न मिटत नाही. पोटाच्या रोजच्या प्रीसेटमध्ये, म्हणजे यंत्रात आधीच जुळवून ठेवलेल्या मांडणीत, कायम काय चालू ठेवायचे, हे शेवटी आपल्यालाच ठरवावे लागते. वैनगंगेच्या खोऱ्यातील धानपट्ट्यात बारा वर्षे पोटाची सोनोग्राफी करताना मी दोन्ही वापरून पाहिले आहे. पुढे लिहितो तो माझा अनुभव आहे, मोजमाप नव्हे.

कंपाउंडिंगचे चित्र पहिल्या नजरेतच मन जिंकते, हे आधी मान्य करतो. यंत्र तोच भाग पाच, सात किंवा नऊ कोनांतून पाहते आणि त्या चित्रांची सरासरी पडद्यावर दाखवते. अवयवाची कड प्रत्येक कोनातून त्याच जागी येते, स्पेकलचे, म्हणजे चित्रावर सर्वत्र दिसणारे खरखरीत दाणे मात्र कोनागणिक बदलतात आणि सरासरीत विरून जातात. नऊ चित्रे एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र असती, तर दाणेदारपणा एक तृतीयांशावर आला असता; प्रत्यक्षात इतका लाभ होत नाही, तरी फरक लगेच जाणवतो. थायरॉइडची गाठ, स्तनातील गाठीची सीमा, खांद्याचे स्नायुबंध यांसाठी मी आजही कंपाउंडच चालू करतो. यकृतातील गळूतून पू काढताना तिरपी गेलेली सुई एका कोनातून हरवते; अनेक कोनांपैकी एखादा तिला आडवा भेटतो आणि ती पुन्हा दिसू लागते. ज्यांचे काम मुख्यतः वरवरच्या अवयवांचे आहे, त्यांनी माझे पुढचे म्हणणे थोडे सैल धरावे.

हार्मोनिकचे चित्र तितके गुळगुळीत नसते. त्याचे बळ दुसरीकडे आहे. दोन मेगाहर्ट्झची लहर ऊतींतून जाताना तिचा दाबाचा भाग विरळ भागापेक्षा किंचित वेगाने पुढे सरकतो, लहरीचा आकार बदलत जातो आणि त्यातून चार मेगाहर्ट्झची लहर शरीरातच निर्माण होते. परत येणाऱ्या ध्वनीतून यंत्र हीच दुसरी लहर ऐकते. पोटाच्या भिंतीपाशी ती अजून पुरेशी तयार झालेली नसते, त्यामुळे चरबी आणि स्नायूंच्या थरांतील रिव्हर्बरेशन, म्हणजे ध्वनीचे पुन्हापुन्हा परावर्तन, पित्ताशयात धुक्यासारखे उतरत नाही. शिवाय तिची तीव्रता मूळ लहरीच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने साइड लोबच्या, म्हणजे मुख्य किरणाच्या बाजूला निसटणाऱ्या क्षीण ध्वनीतून ती जवळजवळ निर्माणच होत नाही. पित्ताशयाच्या तळाशी दिसणारा जो खोटा गाळ आपण रुग्णाला कूस बदलायला लावून तपासतो, तो हार्मोनिक लावताच बऱ्याचदा आपोआप नाहीसा होतो.

येथवर दोन्ही पारडी जवळपास सारखी वाटतील. माझ्यापुरता निर्णय झाला तो सावलीमुळे.

आर्टिफॅक्ट, म्हणजे प्रत्यक्षात नसून चित्रात उमटणाऱ्या खुणा, कमी करायचे म्हणताना आपण विसरतो की ध्वनी अडवणाऱ्या खड्यामागची काळी सावली हाही एक आर्टिफॅक्टच आहे, आणि पोटाच्या तपासणीत आपण तिच्याच भरवशावर निदान लिहितो. कंपाउंडिंग तिलाही सोडत नाही. प्रत्येक कोनातून खड्याची सावली वेगळ्या दिशेला पडते, सरासरीत त्या एकमेकींना पुसतात, आणि सर्व कोनांत सामाईक असलेला एक लहानसा त्रिकोण तेवढा खड्याखाली उरतो. खडा मोठा असेल तर तो त्रिकोण पुरेसा असतो. खडा दोन-तीन मिलिमीटरचा असेल तर तो नजरेतूनच निसटतो.

आमच्या भागात ही बाब क्षुल्लक नाही. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या तांबड्या पेशी सतत फुटत राहतात, बिलिरुबिन वाढते आणि कोवळ्या वयातच पित्ताशयात काळे, बारीक पिगमेंट खडे तयार होतात. रोवणीच्या दिवसांत एक बाई चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. पायांवरचा चिखल नीट धुतलेलाही नव्हता, हातात मुलाचे सिकलसेलचे कार्ड होते. पित्ताशयाच्या मानेजवळ मला एक चकाकणारा ठिपका दिसला, मागे सावली नव्हती, म्हणून मी अहवालात गाळ लिहिला. तीन आठवड्यांनी मुलगा त्याच दुखण्याने परत आला. त्या दिवशी योगायोगाने यंत्र कंपाउंड नसलेल्या प्रीसेटवर होते. ठिपका तोच होता, आणि त्याखालून चित्राच्या तळापर्यंत काळी, सरळ पट्टी उतरली होती. मी कंपाउंडचे बटण दाबले. पट्टी आखडली आणि तिच्या जागी करडा रंग भरला. बटण बंद केले. पट्टी परत आली. मी हे चार-पाच वेळा करून पाहिले. आईने शेवटी विचारले, “खडा हाय का नाही जी, डॉक्टरसाहेब?” मी होय म्हणालो, आधीच्या अहवालातील चूक तिला समजावून सांगितली आणि मुलाला शल्यचिकित्सकाकडे पाठवले. तो पहिला अहवाल आजही माझ्या मनातून गेलेला नाही.

मुतखड्यांचेही असेच आहे. मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि उन्हात राबणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या माणसांचे मूत्रपिंडाचे दुखणे घेऊन येणे वाढते. मूत्रपिंडाच्या मध्यभागातील चरबी स्वतःच पांढरी दिसत असल्याने तिच्यात बसलेल्या बारीक खड्याची साक्ष बहुधा सावलीच देते. कलर डॉपलरमधील ट्विंकलिंग, म्हणजे खड्यापाशी दिसणारी रंगांची लुकलुक, अशा वेळी मदतीला येते, परंतु जुन्या यंत्रावर ते नेहमी खात्रीने मिळतेच असे नाही. हार्मोनिकमध्ये किरण अरुंद असतो, त्यामुळे लहान खडाही त्याला अडवू शकतो आणि सावली अधिक गडद पडते. मला तरी असेच दिसत आले आहे.

हालचालीबाबतही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. हा भाग हत्तीरोगाचाही आहे, आणि वृषणकोशाच्या तपासणीत लसिकावाहिनीत वळवळणारे जिवंत कृमी दिसले तर निदान तिथेच होते. कंपाउंडची सरासरी ही वळवळ पुसट करते. थायरॉइडसाठी तेच प्रीसेट कितीही लाडके असले, तरी तिथे मी ते बंद ठेवतो.

हार्मोनिकच्या उणिवा लपवण्यासारख्या नाहीत. फार स्थूल रुग्णात खोलवरच्या यकृतापर्यंत जाऊन परतताना ती क्षीण होते आणि चित्राचा तळ काळवंडतो. तेव्हा मी मूळ लहरीवर परत जातो. याउलट हडकुळ्या मजुराच्या पोटात पित्ताशय कातडीच्या इतके जवळ असते की हार्मोनिक पुरेशी निर्माण होण्याआधीच आपण तिथे पोहोचतो आणि लाभ कमी दिसतो. केवळ फिल्टरवर चालणाऱ्या जुन्या यंत्रांत उभी स्पष्टता थोडी घटते. पल्स इन्व्हर्शनमध्ये उलट-सुलट दोन पल्स पाठवून मूळ लहर वजा होते, ते चित्र सरस असते, मात्र फ्रेम रेट, म्हणजे दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, जवळजवळ निम्मा होतो. माझ्या पसंतीचे यंत्र शेवटी याच प्रकारचे निघाले.

पडद्यावर धावणाऱ्या ठिपक्यांच्या पट्ट्यांवर मात्र या दोहोंपैकी कशाचाही उपाय नाही. शेजारच्या मोटारपंपाने किंवा कच्च्या अर्थिंगने ते येतात, आणि यंत्रावर पैसे घालण्याआधी अर्थिंग नीट करून घेणे स्वस्त पडते.

तरी एकच सोय घ्यायची आणि काम मुख्यतः पोटाचे असेल, तर मी हार्मोनिककडे झुकेन. निर्णयाआधी तेच यंत्र जिथे चालू आहे अशा एखाद्या केंद्रात जावे, पित्ताशयात बारीक खडे असल्याचे आधीच ठाऊक असलेल्या रुग्णाच्या तपासणीवेळी, त्याच्या संमतीने, तिथे उभे राहावे आणि कंपाउंडचे बटण बंद-चालू करायला सांगून सावली किती लांब राहते ते स्वतः पाहावे. त्यावेळी खोलीतील दिवा बंद असू द्यावा. उजेडात ती करडी छटा आणि खरी काळी पट्टी यांतला फरक कळत नाही.