काफ्का सात-आठ महिने वापरल्यावर: गर्दीत डेटा नेमका कुठे गळतो

आमचे इव्हेंट (घडामोडींच्या नोंदी) आधी एपीआयमधून थेट डेटाबेसात पडायचे. ट्रॅफिक एकदम उसळला की डेटाबेस धापा टाकायचा आणि इव्हेंट गायब. म्हणून मध्ये अपाची काफ्का बसवला: इव्हेंट आधी आपल्याकडे साठवून मग पुढे देणारी यंत्रणा. क्लाउडवर तीन झोन (वेगवेगळी डेटा सेंटर), तीन ब्रोकर (काफ्काचे सर्व्हर). मत आधीच सांगून टाकतो: मधला भाग दणकट आहे. गळती दोन्ही टोकांना होते, म्हणजे इव्हेंट पाठवणारा प्रोड्यूसर आणि ते वाचणारा कन्झ्युमर इथे, आणि ती टोकं सांभाळणं आपल्याकडेच असतं.

दणकट म्हटलं, पण एका सेटिंगच्या अटीवर. काफ्का ३.० पासून ‘अ‍ॅक्स’ (प्रोड्यूसरला पावती कधी द्यायची ते सेटिंग) मुळातच ‘ऑल’ असतं, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण ‘ऑल’ म्हणजे सगळ्या रेप्लिका (डेटाच्या प्रती) नव्हेत, तर त्या क्षणी लीडरच्या (मुख्य प्रतीच्या) जोडीने चालणाऱ्या. लोड वाढला की फॉलोअर (बाकीच्या प्रती) मागे पडतात आणि ३० सेकंदांत गाठता आलं नाही तर जोडीने चालणाऱ्यांच्या यादीतून बाहेर जातात. यादीत एकटा लीडर उरला तरी ‘मिन इनसिंक रेप्लिकाज’ (यादीत किमान किती प्रती हव्यात) डिफॉल्ट १ असल्यामुळे पावती जात राहते, आणि तोच ब्रोकर डिस्कसकट गेला तर पावती मिळालेला डेटाही जातो. म्हणजे ऐन गर्दीतच कवच पातळ होतं. आम्ही रेप्लिकेशन ३ आणि हे सेटिंग २ ठेवून लोड टेस्टमध्ये मुद्दाम ब्रोकर पाडले. एक पाडला, काम चालू राहिलं. दुसरा पाडला तशी प्रोड्यूसरला एरर यायला लागली. खोट्या पावतीपेक्षा तोंडावर नकार केव्हाही बरा.

नकार मिळालेल्या इव्हेंटचं पुढे काय, ते मात्र आपण बघायचं. प्रोड्यूसरचा बफर (पाठवायच्या इव्हेंटची तात्पुरती जागा) डिफॉल्ट ३२ एमबी. एक केबीचे ५,००० इव्हेंट सेकंदाला येत असतील आणि ब्रोकर घेईनासा झाला, तर ढोबळमानाने सहा-सात सेकंदांत तो भरतो. मग ‘सेंड’ कॉल ६० सेकंदांपर्यंत अडून बसतो आणि एपीआयचे थ्रेड तुंबतात. बफरात आधीच शिरलेले इव्हेंट दोन मिनिटांत पोचले नाहीत तर फेल. कॉलबॅक (निकाल कळल्यावर चालणारा कोड) लिहिलेला नसेल तर कोणाला पत्ताही लागत नाही. आम्ही असे इव्हेंट पर्सिस्टंट व्हॉल्यूमवरच्या (सर्व्हर गेला तरी टिकणाऱ्या डिस्कवरच्या) फाइलीत उतरवतो आणि गर्दी ओसरली की परत पाठवतो. त्याच्याही पलीकडे गेलं तर एपीआय ४२९ (‘फार विनंत्या झाल्या’ हा एरर कोड) देतं आणि क्लायंट थांबून रिट्राय करतो. (थांबण्याच्या वेळेत थोडा रँडम फरक ठेवा, नाहीतर सगळे एकाच सेकंदाला परत येऊन आदळतात.)

कन्झ्युमरच्या बाजूला ऑटो कमिट (‘इथवर वाचलं’ अशी आपोआप पडणारी नोंद) पहिल्याच दिवशी बंद केलं. ते डिफॉल्ट चालू असतं, दर पाच सेकंदांनी. काम दुसऱ्या थ्रेडकडे सोपवलेलं असेल तर लिहून होण्याआधीच ऑफसेट (वाचनाची खूण) पुढे सरकतो. आधी लिहा, मग कमिट करा. डुप्लिकेट येतात, ते इव्हेंट आयडीवर अपसर्ट (नोंद असेल तर बदल, नसेल तर भर) करून निस्तरता येतात.

सगळ्यात छुपा सापळा रिटेन्शनचा, म्हणजे डेटा किती काळ ठेवायचा याचा. डिफॉल्ट सात दिवस ऐकून बरं वाटतं. पण डिस्क भरू नये म्हणून पार्टिशनमागे (काफ्का डेटा ज्या भागांत वाटतो त्या प्रत्येकाला) साइजची मर्यादाही घातली असेल, तर गर्दीत ती कितीतरी आधी लागते आणि न वाचलेला डेटाही पुसला जातो. त्यात ‘ऑटो ऑफसेट रिसेट’ डिफॉल्ट ‘लेटेस्ट’. मागे पडलेल्या कन्झ्युमरचा ऑफसेट पुसलेल्या भागात गेला की तो थेट शेवटाला उडी मारतो, मधला सगळा बॅकलॉग सोडून. डॅशबोर्डवर लॅग (वाचायचं किती बाकी) शून्य, सगळं हिरवंगार! आम्ही हे ‘नन’ केलंय: अशा वेळी कन्झ्युमर एरर देऊन थांबतो आणि ऑन-कॉलवाल्याचा फोन वाजतो.

तक्रार म्हणाल तर स्केलिंगची. नवा ब्रोकर जोडला तरी जुनी पार्टिशन्स आपणहून तिकडे जात नाहीत. हलवायची तर त्या कॉपीचा भार आधीच दमलेल्या ब्रोकरवर. पार्टिशन्स वाढवली तर कीचं (इव्हेंट कुठल्या पार्टिशनमध्ये जाईल ते ठरवणाऱ्या मूल्याचं) वाटप बदलतं आणि क्रम बिघडतो. त्यामुळे गर्दीची जागा आधीच मोकळी ठेवावी लागते, आणि एरवी त्या रिकाम्या जागेचं बिल भरावं लागतं. क्रम आणि रिप्ले (जुने इव्हेंट पुन्हा वाचणं) लागत नसेल, टीम दोघा-तिघांची असेल, तर मी साधी मॅनेज्ड क्यूच (क्लाउड कंपनीच सांभाळते अशी रांग) घ्यायला सांगेन.