कार्पेट धुण्याच्या मशीनचा डेमो : नागपूरकरांनो, पैसे देण्याआधी हे वाचा

गणपतीच्या आधी आमच्या त्रिमूर्तीनगरच्या सोसायटीच्या गेटवर एक टेबल लागलं होतं. वर बॅनर होता, ‘कार्पेट आणि सोफा फ्री क्लीनिंग’. टेबलावरची मुलं नावं आणि फ्लॅट नंबर लिहून घेत होती आणि संध्याकाळी घरी येत होती. आमच्याकडे आले, शेजारच्या काकूंकडे गेले, मनीषनगरला नणंदेकडेही तीच मुलं पोचली होती. सणासुदीला हे पुन्हा लागतील, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. रागाने लिहितेय, पण एकही गोष्ट वाढवून सांगत नाही.

आमच्या दिवाणखान्यात सासूबाईंनी घेतलेला भदोहीचा लोकरीचा गालिचा आहे. हातविणीचा, मधे गडद लाल आणि कडेला मलई रंगाची वेल. उन्हाळ्यात कूलर सुरू झाला की नागपूरची धूळ घरात येते आणि सगळी गालिच्यात जाऊन बसते. बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, दम्याचा त्रास आहे. त्यामुळे गालिचा घरच्या घरी धुता येईल असं उभं मशीन आम्ही शोधतच होतो आणि दुकानांतून माहितीही काढली होती. टेबलावरच्या मुलाला मी पहिला प्रश्न हाच विचारला, ‘हे नुसतं धूळ ओढतं की धुतंही?’ तो म्हणाला, ‘धुते न जी काकू. पाणी सोडते, घासते अन् घाण पाणी परत ओढून घेते. तुम्ही आपल्या डोळ्यानं पाहून घ्या.’

डेमो नीट समजून घ्या, कारण फसवणूक तिथेच होते.

आधी त्याने आमचं जुनं व्हॅक्यूम क्लीनर मागितलं. त्याला फरशीचं सपाट तोंड लावलेलं होतं आणि आतली पिशवी बरीच भरलेली होती. तसंच ते गालिच्याच्या एका कोपऱ्यावर फिरवलं. मग त्याच कोपऱ्यावर स्वतःचं मशीन फिरवलं. त्याला खाली मोटरवर फिरणारा ब्रश होता आणि पाइपात पांढरं गोल कापड बसवलेलं होतं. कापड काढून त्याने यांच्या हातात दिलं. काळंभोर. ‘पाहा, एवढी घाण तुमच्या मशीननं सोडली होती.’ मग दुसरं कापड, तिसरं कापड. सगळी गालिच्यावर ओळीने मांडून ठेवली. बाबा खुर्चीत बसून बघत होते, त्यांचा चेहरा उतरला.

यातली हातचलाखी क्रमात आहे. कुठल्याही गालिच्यावर दुसऱ्यांदा जे मशीन फिरेल त्याला धूळ मिळतेच, कारण तळाशी, गाठींच्या मुळाशी बसलेली धूळ एका फेरीत कधीच निघत नाही. मशीन घरी आल्यावर मी हाच क्रम उलटा करून पाहिला. आधी त्यांचं फिरवलं, मग आमचं जुनं, नवी पिशवी आणि कार्पेटचं तोंड लावून. आमच्या जुन्या मशीननेही पांढरं कापड काळं केलं. तेव्हा असा डेमो कोणी दाखवायला आलं तर सांगा, ‘आधी तुमचं फिरवा, आमचं नंतर.’

दुसरा भाग धुण्याचा. त्यासाठी त्यांनी गाडीतून वेगळं मशीन आणलं, दोन टाक्यांचं. एका टाकीत स्वच्छ पाणी आणि शाम्पू. खटका दाबला की पाणी दाबाने फवारलं जातं, ब्रश घासतो आणि पुढचं तोंड पाणी ओढून दुसऱ्या टाकीत टाकतं. खरं कार्पेट धुण्याचं मशीन असंच चालतं आणि ते मशीन चांगलं होतं, हे मला मान्य आहे. टाकीत काळं पाणी जमलं. आधी कोरडी धूळ न काढता थेट पाणी मारलं की धुळीचा चिखल होणारच आणि पाणी काळं दिसणारच, पण ते तेव्हा कोण सांगणार?

मग तक्ता निघाला. गुळगुळीत कागदावर चार मशीनची तुलना : त्यांचं एक आणि ‘इतर कंपन्या’ अशी तीन, कुणाचंही नाव नाही. त्यांचं 2000 वॉट, बाकीची 800 ते 1200. वॉट म्हणजे मोटर किती वीज खाते तो आकडा. ओढण्याचा जोर त्यावरून कळत नाही. तो पास्कल किंवा किलोपास्कलमध्ये सांगतात, शिवाय हवा किती वाहते आणि खाली मोटरवर फिरणारा ब्रश आहे का, हेही बघावं लागतं. तक्त्यात यातलं काही नव्हतं. टाकी किती लिटरची, तेही नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, ‘मॅन्युअलमध्ये सगळं आहे.’

भाव 42,000 सांगितला. जुनं मशीन एक्स्चेंजमध्ये दिलं तर आणि आजच बुक केलं तर 26,500. जुनं मी दिलं नाही, तरी भाव तोच राहिला. तिथेच मला खटकलं होतं आणि मी यांना तसं म्हटलंही. पण बाबा रात्री खोकतात ते घरात सगळ्यांना ऐकू येतं, आणि धुणारं मशीन आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. पैसे यूपीआयने घेतले. खातं कंपनीच्या नावाचं नव्हतं, एका व्यक्तीच्या नावाचं होतं. म्हणे, ‘आमचे सर आहेत.’

सीलबंद खोका कुरिअरने आला. रंग तोच, दांडा तोच, स्टिकर तोच. आत एकच टाकी, तीही धुळीची. पाण्याची व्यवस्था म्हणजे मागे चिकटवायचं ओलं कापड आणि वर पाणी भरायची छोटी डबी, ज्यातून पाणी थेंब थेंब कापडात उतरतं. फवारा नाही आणि पाणी परत ओढणं तर नाहीच. फोन केला तर उत्तर मिळालं, ‘मॅडम, हेच वेट मॉडेल आहे, दोनदा फिरवा, सवय होईल.’ त्यांच्याच सांगण्यावरून आम्ही ते फिरवलं. न पिळलेला पोछा फिरवावा तसं सगळं पाणी लोकरीत मुरलं. भादव्याची हवा, कूलर बंद, ऊन नाही. गालिचा आतून वाळेचना, कुबट वास यायला लागला आणि मधला लाल रंग मलई वेलीत उतरला. एका फुलाची पाकळी अजून गुलाबी आहे. सासूबाई आज नाहीत. तो डाग बघून बाबा काही बोलले नाहीत, नुसता हात फिरवला.

लोकरीचा गालिचा असेल तर मशीन कितीही चांगलं असो, आधी मागच्या कोपऱ्यावर ओलं पांढरं फडकं दाबून बघा. रंग उतरला तर घरी धुवायचाच नाही. झालर असलेल्या बाजूला फिरता ब्रश नेऊ नका, धागे ओढले जातात. आणि दोन टाक्यांचं मशीन दुकानात बघत असाल तर एक लिटर पाणी मोजून घालायला सांगा आणि ते सगळं फवारून दोन-तीन कोरड्या फेऱ्या झाल्या की घाण पाण्याची टाकी मापात रिकामी करा. लिटरपेक्षा जेवढं पाणी कमी निघालं तेवढं गालिच्यात राहिलं. मशीन-मशीनमधला फरक यातून जितका कळतो तितका कुठल्याच तक्त्यातून कळत नाही.

बिल मी नंतर नीट वाचलं. ‘होम अप्लायन्स, नग 1’ एवढंच. मॉडेलचं नाव नाही, जीएसटी क्रमांक नाही. वॉरंटी कार्डावर ‘फक्त मोटर’. खोक्यावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीचा संपर्क कायद्याने छापावा लागतो. बाहेरून आलेला माल असेल तर कुठल्या देशातला तेही. आमच्या खोक्यावर किंमत तेवढी होती, 42,000, वरून चिकटवलेली. पत्रकावर सीताबर्डीचा पत्ता होता. हे स्वतः जाऊन आले. तिथे झेरॉक्सचं दुकान आहे आणि दुकानदार म्हणाला की तुमच्यासारखे लोक आधीही विचारत आले होते.

आम्ही 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ती कंपनीपर्यंत पोचेचना, कारण कंपनीच सापडत नाही. म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. आम्ही यूपीआयचा स्क्रीनशॉट, खोक्याचे सगळ्या बाजूंनी फोटो, तो तक्ता आणि डेमोचा व्हिडिओ जोडला आहे. व्हिडिओ शेजारच्या काकूंच्या मुलाने सहज काढला होता आणि त्यात दोन टाक्यांचं मशीन स्पष्ट दिसतं. पैसे कुणाच्या खात्यात गेले ते नाव आमच्याकडे आहे, आणि सध्या तेवढाच धागा हातात आहे.

एकाच तक्रारीचे अनेक ग्राहक असतील तर आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. शेजारच्या काकू तयार आहेत, नणंदेचंही बोलणं चाललंय. तुमच्याकडेही असाच डेमो झाला असेल, बिलावर ‘होम अप्लायन्स’ असेल आणि यूपीआयवर एखाद्या व्यक्तीचं नाव असेल, तर खोका रद्दीत देऊ नका. कागद सांभाळून ठेवा आणि मला कळवा.