बडोद्यात एकच संध्याकाळ: म्युझिक कॉलेज, नाटक की फाइन आर्ट्स?

दांडिया बाजारातलं आमचं घर म्हणजे नातेवाइकांची धर्मशाळा. थंडी पडली की पुण्याची आत्या येते, सुट्टी लागली की नाशिकचा मामेभाऊ. राजवाडा पाहून होतो, सयाजीबाग होते, सेव-उसळ खाऊन नाकाडोळ्यांतून पाणी काढून होतं, आणि मग चहाच्या वेळी प्रश्न येतो, 'अगं, आता संध्याकाळी काय?' युनिव्हर्सिटीत, म्हणजे महाराजा सयाजीराव विद्यापीठात, काहीतरी असेल, असं मी सवयीने म्हणून जाते आणि पंचाईत होते. कारण हे 'काहीतरी' गाणं-नाच, नाटक किंवा चित्रप्रदर्शन अशा तीन अगदी वेगळ्या गोष्टींपैकी एक असतं, आणि चुकीच्या माणसाला चुकीच्या जागी नेलं की रात्रीच्या जेवणापर्यंत टोमणे ऐकावे लागतात.

आधी भूगोल. म्युझिक कॉलेज सूरसागर तलावाजवळ, गावात. त्याचं अधिकृत नाव फॅकल्टी ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स, पण ते पत्रिकेवर छापण्यापुरतं. रिक्षावाल्याला 'म्युझिक कॉलेज' एवढंच सांगायचं. नाटकाचा विभागही त्याच फॅकल्टीतला, पण प्रयोग म्युझिक कॉलेजात आहे की विद्यापीठाच्या आवारातल्या सी. सी. मेहता सभागृहात, हे पत्रिकेवर नीट वाचून निघायचं. फाइन आर्ट्स, म्हणजे चित्र-शिल्पकलेची फॅकल्टी, पुष्पबागेत, सयाजीबागेपासून पायी जाण्यासारखं. एका संध्याकाळी दोन ठिकाणं साधू असं ठरवून निघू नका, रावपुऱ्याच्या गर्दीत दोन्ही हुकतात.

निवड करताना लोक सर्वांत आधी आवड विचारतात. गाण्याची आवड आहे ना, मग गाण्याला चला. माझा अनुभव नेमका उलटा. हे सगळं विद्यार्थ्यांचं काम आहे, म्हणजे शिजत आलेलं पण उतरवलेलं नाही. ज्याने आयुष्यभर भीमसेन आणि किशोरीताई कानांत साठवले, त्याला विसाव्या वर्षीचा ख्याल ऐकताना तुलना सोडवत नाही. आमची आत्या अशीच. एका मुलीच्या यमनला तिने दहाव्या मिनिटाला पर्समधून खडीसाखर काढली, आणि तिच्या भाषेत तो निकाल असतो. याउलट ज्याने स्वतः दोन-चार वर्षं पेटी नाहीतर तबला बडवला आहे, परीक्षेला बसून हात थरथरलेले अनुभवले आहेत, तो त्याच कच्च्या ख्यालाला खुर्चीच्या कडेला येऊन बसतो. तेव्हा पाहुण्याला 'आवडतं का' विचारू नका, 'कधी केलंय का' विचारा.

गाण्यातही एक निवड आहे, ती मला उशिरा कळली. गायनापेक्षा तबल्याचं एकल वादन असेल तर ते घ्या. ख्यालाचा आवाज पिकायला चाळिशी यावी लागते, बोटं मात्र विसाव्या वर्षी भन्नाट चालतात. पेशकार, कायदे, रेला अशा रचनांचा चढता क्रम, मागे पेटीवर तोच तो लेहरा, म्हणजे तालाचं चक्र दाखवणारी फिरून फिरून येणारी धून. ज्याला तालातलं ओ की ठो कळत नाही त्यालाही चार आवर्तनांत सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे आहे ते उमजतं आणि मान आपोआप पडते. आत्याला हे सांगायला हवं होतं.

म्युझिक कॉलेज मुळात गायनशाळा, ती सयाजीराव महाराजांनी 1886 मध्ये गायक मौलाबक्षांच्या हाती सोपवून सुरू केली. तोवर गाणं घराण्याच्या आत, उस्तादाच्या मर्जीने मिळायचं. इथे ते फळा, हजेरी आणि स्वरलिपीवर आलं. देशातली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भातखंड्यांनी भरवली तीही बडोद्यातच, 1916 मध्ये. फैयाजखाँ दरबाराचे गवई होते. (आणि हिराबाईंच्या नावातलं 'बडोदेकर' आमच्या गावचं असलं तरी जन्म मिरजेचा, हा वाद आमच्या घरी दर दिवाळीत होतो.) एवढी परंपरा ऐकली की पाहुणे दरबारी मैफलीच्या अपेक्षेने येतात. प्रत्यक्षात एकेकाला अर्धा तास मिळतो, संथ विलंबित जेमतेम मांडून होतं न होतं तोच जलद द्रुत सुरू करावं लागतं, आणि पहिल्या रांगेतले सर मांडीवर हाताने ताल धरून बसलेले असतात. माझी अर्धी करमणूक त्या हाताची असते. गाणारा चुकला की हात एक क्षण थांबतो.

नाच असेल तर लहान मुलं घेऊन जा, ती कंटाळत नाहीत. गुजरातेत भरतनाट्यम कुठून आलं, असं कुणी विचारलं तर सांगा: तंजावरच्या लक्ष्मीबाई 1880 च्या सुमारास चिमणाबाई महाराणी होऊन इथे आल्या, त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी आणि वादकही आले. त्या मंडळींपैकी एका कुटुंबातले कुबेरनाथ तंजोरकर पुढे बडोद्यात गुरू म्हणून नावाजले.

नाटकाचा हिशेब वेगळा. आपल्या लोकांची पहिली अडचण भाषेची: प्रयोग बहुतेक गुजराती नाहीतर हिंदी. बडोद्यात वाढलेल्याला काहीच अडत नाही, पण पुण्याच्या पाहुण्याला गोष्ट कळते आणि विनोद निसटतो. सगळं थिएटर हसत असताना आपल्याकडे 'काय म्हणाला?' म्हणून वळणारं माणूस शेजारी असेल, तर दोघांचीही संध्याकाळ वाया. शिवाय मराठी माणूस नाटक म्हटलं की मुंबईहून गांधी नगरगृहात येणारा प्रयोग डोळ्यांपुढे आणतो: दिवाणखाना, सोफा, दुसऱ्या अंकाआधी बटाटेवडा. इथे नेपथ्य म्हणजे तीन खोकी आणि एक शिडी, तीच शिडी कधी झाड, कधी कचेरी.

तरीही कच्चेपणा सर्वांत कमी कुठे खुपत असेल तर नाटकात. गाणारा एकटा असतो, त्याचा सूर हलला की झाकायला कुणी नाही. नाटकात पंधरा जण असतात. एकाचं वाक्य अडकलं की दुसरा उचलतो, आणि ती धावपळ बघण्यातही गंमत असते. गोतावळ्याचा, रात्री जागून केलेल्या तालमींचा एक ताप त्या रंगमंचावर असतो, तो पगारी नटांत दिसत नाही. सभागृहाला ज्यांचं नाव आहे ते चंद्रवदन मेहता सुरतेचे, गुजराती रंगभूमीचे मोठे नाटककार; या विद्यापीठात नाट्यशिक्षण उभं करणाऱ्यांपैकी एक. आणखी एक फरक लक्षात ठेवा: विद्यार्थ्यांचा प्रयोग एक-दोनदाच होतो. उद्या बघू म्हटलं की गेला. आणि मधूनच उठून जायची सोय नाही, छोट्या जागेत नट तुमच्याकडेच बघत असतो.

फाइन आर्ट्सला या सगळ्यातलं काहीच लागू नाही, आणि खरं सांगायचं तर माझं माप आधीपासून तिकडे झुकलेलं आहे. तिथे भाषा नाही, ठरलेली वेळ नाही, खुर्ची नाही. पाच मिनिटांत बाहेर पडलात तरी कुणाचा अपमान होत नाही, तीन तास रेंगाळलात तरी कुणी हटकत नाही. ज्याला कलेतलं काही कळत नाही असा माझा मामेभाऊ, व्यवसायाने प्लंबिंगचा ठेकेदार, तिथून सर्वांत खूश होऊन परतला. त्याची हकीकत पुढे.

फॅकल्टी 1950 ची. पहिल्या पिढीतले शिक्षक बघा: इंदूरच्या मातीतले आपले चित्रकार ना. श्री. बेंद्रे, शिल्पकार शंखो चौधुरी, पुढे चित्रकार के. जी. सुब्रमण्यन. नकला करून घेण्यापेक्षा विचार करायला लावणारी शाळा, असा तिचा लौकिक त्यांच्यापासूनचा. वार्षिक प्रदर्शन उन्हाळ्यात, परीक्षेच्या निमित्ताने भरतं. शेवटच्या वर्षाची मुलं आपापल्या स्टुडिओतच काम मांडतात, म्हणजे जिथे चित्र जन्मलं तिथेच ते टांगलेलं. जमिनीवर रंगाचे डाग, खिडकीत वाळलेले ब्रश, आणि बाजूला स्टुलावर बसलेली चित्रकर्ती, घरून आलेल्या आईबाबांना समजावत. केरळ, आसाम, बंगाल, कुठकुठली मुलं. हे 'बाजूला बसलेलं असणं' हाच माझ्या लेखी सर्वांत मोठा फरक. गवयाला मध्येच थांबवून 'हे कसं केलंत' विचारता येत नाही, इथे येतं.

फक्त 'याचा अर्थ काय?' असं विचारू नका. मुलं थकलेली असतात, पाठ केलेलं उत्तर मिळतं. 'हे कशाचं केलंय?' असं विचारा, चेहरा खुलतो. मामेभावाने छापचित्रांच्या विभागात जस्ताचा पत्रा पाहून हेच विचारलं. पुढचा पाऊण तास एक मुलगा त्याला मेणाचा थर, त्यावर सुईने कोरलेली रेघ, मग ॲसिड ती रेघ कशी खातं, शाई भरून पत्रा पुसायचा किती, ओला कागद दाबाखालून कसा काढायचा, हे दाखवत होता. पेन्सिलीने तीन भागिले दहा लिहिलेलं म्हणजे दहांपैकी तिसरी प्रत, हेही तिथेच कळलं. मामेभाऊ पत्र्याच्या जाडीवर बोलला, मुलाने ते वहीत टिपून घेतलं! परतीच्या वाटेवर कुणीही 'पण चित्र कळलं का' असं विचारलं नाही.

तोटे आहेत. उन्हाळ्यातलं बडोदं चाळिशी ओलांडतं, स्टुडिओत पंखे असले तरी आवारात फिरताना जीव जातो. ज्येष्ठांना जिने आणि उभं राहणं झेपेलच असं नाही. आत्याला मी मे महिन्यात तिथे कधीच नेणार नाही. आणि पांढरा झब्बा घालून जाऊ नका. मी एकदा भिंतीला टेकले, भिंत नव्हतीच ती, कलाकृती होती, आणि ओली होती.

मुलांसाठी फाइन आर्ट्सचा मेळावा भरला तर त्याला तोड नाही. 1961 मध्ये तो पहिल्यांदा भरला, तेव्हापासून शिक्षक-विद्यार्थी मिळून खेळणी, मुखवटे, बाहुल्या करून विकतात. सुब्रमण्यन यांनी या मेळाव्यांसाठी केलेली लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत. पण तो दरवर्षी नसतो, त्याच्या भरवशावर रेल्वेचं तिकीट काढू नका. नवरात्रातला त्यांचा गरबा म्हणाल तर तो बघायचा नसून खेळायचा आहे, आणि आधी प्रवेशाचं विचारून घ्यायचं. वेगवेगळ्या फॅकल्ट्यांचे डीजे लावलेले युवक-उत्सव मी या तुलनेत धरलेच नाहीत; त्यांचा आवाज दुसऱ्या गल्लीत बसूनही ऐकू येतो.

पैशाचं म्हणाल तर तिन्हीकडे खिशाला फारशी झळ नाही. प्रदर्शन बघायला काही लागत नाही, नाटकाला असलं तर तिकीट किंवा पास, तेवढं फोन करून विचारावं. छापचित्र आवडलं तर किंमत विचारायला लाजू नका, दहा प्रतींतली एक असल्यामुळे ते रंगचित्रापेक्षा बरंच स्वस्त पडतं. घासाघीस मात्र नको, ही मंगळ बाजारातली ओढणी नव्हे.

कार्यक्रमाची तारीख कळवणारी एक पक्की जागा मला इतक्या वर्षांत सापडलेली नाही. फाटकावरचा चिकटवलेला कागद आणि चौकीदार, हेच खरं. त्याला गुजरातीत 'आजे कंई छे?' (आज काही आहे का?) म्हणून विचारलं की वेळेसकट सांगतो, वर 'वेळेवर या, जागा भरते' असा सल्लाही देतो.

आत्या जानेवारीत येते आहे. या वेळी मी तबल्याचा कार्यक्रम शोधून ठेवणार आहे, आणि खडीसाखर घरीच काढून घेणार आहे. मामेभावाने फोनवर स्वतःच विचारलं, 'ते पत्र्यावालं पुन्हा कधी आहे?' त्याला सांगितलं, उन्हाळ्यात ये, टोपी घालून.