.२७० घेऊ का .३०-०६? आधी खांद्याला विचारा
शिकारीसाठी एकच रायफल घ्यायची आणि गाडी या दोन काडतुसांवर अडकली असेल तर गोंधळ होणारच, कारण हे दोघं एकाच घरातले आहेत. रिकाम्या पुंगळ्या टेबलावर शेजारी शेजारी उभ्या करून बघा, बुड सेम, अंग सेम, फक्त .२७० ची मान आवळलेली आणि उंची मिलिमीटरभर जास्त. .३०-०६, म्हणजे बोलीत थर्टी ऑट सिक्स, १९०६ ला अमेरिकन लष्करासाठी आलं, नावातलं ०६ म्हणजे तेच साल, आणि विंचेस्टरने .२७० काढलं १९२५ ला. त्यामुळे बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा), ॲक्शनची म्हणजे काडतूस भरून झाडणाऱ्या यंत्रणेची लांबी, रायफलचं वजन यावरून काही ठरत नाही, दोन्हीकडे तेच.

फरक पडतो गोळीत. .२७० ची नेहमीची गोळी १३० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं छोटं माप), सेकंदाला ३०६० फुटांच्या आसपास सुटते. .३०-०६ ची १८० ग्रेनची २७०० ला. रायफल २०० यार्डांवर झीरो केली, म्हणजे तिथे गोळी बरोबर नेमावर लागेल अशी जुळवली, तर ३०० वर पहिली साधारण ६-७ इंच खाली येते, दुसरी ८-९ इंच. लोक यावर तासन् तास भांडतात, पण अहो दोन इंच! हरणाच्या छातीवर नेम धरलाय ना, मग तेवढ्याने काय बिघडतं? आणि .३०-०६ मध्ये १५० ग्रेनची भरली की तोही फरक जवळपास मिटतो.

माझ्या मते खरा निकाल लागतो धक्क्यावर. आठ पौंडी रायफलमध्ये .२७० चा धक्का १७ फूट-पाउंडच्या (धक्क्याच्या ऊर्जेचं माप) आसपास, .३०-०६ चा १८० ग्रेनवर २० च्या. कागदावर किरकोळ वाटतं पण रेंजवर पंधरावी गोळी झाडताना खांदा सांगतो. एक सोपी टेस्ट आहे, मित्राला सांगा की मधूनच डमी राउंड, म्हणजे बारूद नसलेलं खोटं काडतूस भर, कुठला ते मला सांगू नको. डमीवर फक्त टक् आवाज येतो आणि तरी नळी खाली झुकली, डोळे मिटले, तर समजायचं की तुम्ही धक्क्याला घाबरताय. असा माणूस जनावर जखमी करून सोडतो, त्याने गुपचूप .२७० घ्यावं. मी तेच घेतलं, आणि हो, माझीही नळी झुकली होती.

पण एल्क, मूस (दोन्ही मोठ्या जातीची हरणं), मोठं अस्वल असलं काही डोक्यात असेल तर मी .३०-०६ च सांगेन. .२७० चांगल्या गोळीने एल्क पाडतं, त्यात वाद नाही, पण .२७० साठी गोळ्या मुख्यतः १३० ते १५० ग्रेनमध्येच मिळतात, .३०-०६ ला ११० पासून २२० पर्यंत सगळं चालतं. स्वतः काडतुसं भरणाऱ्यांना तर मजाच, कारण .३०-०६ ची .३०८ इंच व्यासाची तीच गोळी बऱ्याच काडतुसांत बसते. .२७० ची गोळी नावाला २७०, प्रत्यक्षात .२७७ इंच, आणि ती वापरणारी काडतुसं मोजकीच.

आणि दोन्ही घेऊन बसलात तर काडतुसं एका खिशात कधीच ठेवू नका, घाईत हाताला फरक कळत नाही, बुडावरचा शिक्का वाचूनच भरा.